वासाची पुडी



गेल्या महिन्यातल्या तालुका बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे चालले होते. मागच्या रांगेतला एक तरुण उठला, मोबाईल वर धरून म्हणाला, "भाऊ, अमेरिकेत गांजाला वास आणायची पुडी विकत मिळते. माल जुना झाला, वास उडाला, की बरणीत पुडी टाकायची. दोन दिवसांनी पुन्हा घमघमाट. ज्या मालाच्या नुसत्या वासावर कंपन्या जगतात तो माल आपण का लावू नये? पऱ्हाटीनं आपल्याला काय दिलं?" सगळे हसले. मीही हसलो. अध्यक्षांनी विषय पुढे नेला.

घरी येताना ते हसणे मला टोचत राहिले. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकर गांजा लावायची परवानगी द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. वाचणाऱ्यांनी तो गंमत म्हणून वाचला. ज्याने कापूस विकला आहे त्याला त्या अर्जातला हिशोब कळतो. म्हणून या अंकात पुडीबद्दलच लिहितो. शेतकी कॉलेजात घालवलेली वर्षे अशा वेळी तरी कामी यावीत.

आधी कायद्याचे उरकून घेऊ. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे. विनापरवाना झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तुरीच्या पाट्यात नाहीतर कपाशीच्या ओळीत लपवून लावलेली झाडे पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. जमीन बटईने दिली, लावणारा दुसराच होता, असे म्हणून प्रत्येक वेळी सुटका होत नाही. माहीत असून गप्प बसलेल्या जमीनमालकालाही कायदा धरतो. उत्तराखंडात २०१८ पासून परवाना देऊन भांगेची शेती होते, पण ती नशेचे द्रव्य शेकडा ०.३ च्या आत असलेल्या वाणाची, आणि माल म्हणजे धागा आणि बी. हिरव्या शेंड्याच्या वासाशी त्या शेतीचा संबंध नाही. "हेम्पचे बी घ्या, माल आम्हीच उचलू" असे सांगत कोणी दारात आला तर त्याच्याकडून परवान्याचा कागद आधी मागा.

आता वास. गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक केस असतात आणि केसाच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी ग्रंथी. नशेचे द्रव्य आणि वासाचे तेल दोन्ही त्या डोक्यात भरलेले. वासाच्या तेलात मुख्यतः टर्पीन नावाची द्रव्ये असतात. नाव नवे वाटेल, वस्तू ओळखीची आहे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवताना रंग पातळ करायला आपण टर्पेंटाइन वापरतो, त्यावरूनच हे नाव पडले. चिडाच्या झाडात पायनीन, संत्र्याच्या सालीत लिमोनीन, लवंग-मिऱ्यात कॅरिओफिलीन, धन्यात लिनालूल, ओव्यात थायमॉल. घराणे सगळ्यांचे एकच.

आपली कपाशीही त्याच घराण्यातली. पानावर, बोंडावर, सरकीच्या गरात जे काळे ठिपके दिसतात त्या ग्रंथी आहेत. सरकी कोंबडीला का चालत नाही, तर त्या ठिपक्यातल्या गॉसिपॉलमुळे, आणि गॉसिपॉल टर्पीनांपासूनच बनते. अळी पान कुरतडू लागली की कपाशी यातली काही द्रव्ये हवेत सोडते आणि त्या वासाच्या मागावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. झाडाच्या दृष्टीने वास ही राखण आहे. माणसाने पुढे त्याला भाव लावला.

टर्पीनांत काही हलकी, काही जड. हलकी लवकर उडतात. लिंबासारखा, हिरव्या कैरीसारखा जो पहिला तजेला नाकाला येतो तो त्यांचा. जड मागे राहतात. मिसिसिपी विद्यापीठात अमेरिकी सरकारच्या करारावर १९६८ पासून संशोधनासाठी गांजा पिकवला जातो. तिथल्या रॉस आणि एलसोहली यांनी १९९६ साली फुलोऱ्यातले तेल मोजून प्रसिद्ध केले. ताज्या फुलोऱ्यात शेकडा ०.२९ तेल निघाले. आठवडाभर वाळवल्यावर ०.२०. महिन्याने ०.१६. तीन महिन्यांनी ०.१३. म्हणजे तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त तेल हवेत गेले, आणि त्यातला सर्वात मोठा तोटा पहिल्याच आठवड्यात झाला. उरलेल्या तेलात हलक्या टर्पीनांचा वाटा ९२ टक्क्यांवरून ६२ वर आला, जडांचा ७ वरून ३६ च्या जवळ गेला. जड द्रव्ये वाढली असे नव्हे. फाटक्या पोत्यातून बारीक दाणा गळाला की आत मोठ्याचे प्रमाण जास्त दिसते, तसे. नशेचे द्रव्यही टिकत नाही. त्याच विद्यापीठाच्या मोजणीत साध्या खोलीत ठेवलेल्या मालातले ते वर्षात सुमारे १७ टक्के आणि चार वर्षांत ४१ टक्के घटले.

तर अशा उतरलेल्या मालासाठी ही पुडी. तिचे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात विकतो, म्हणून वेगळे करून सांगतो. पहिली ओलाव्याची. पुडीच्या आवरणातून पाण्याची वाफ आत-बाहेर जाऊ शकते, आत मिठासारखा क्षार किंवा ग्लिसरीन पाण्यात विरघळवलेले असते. बरणीतली हवा कोरडी झाली तर पुडी वाफ सोडते, दमट झाली तर ओढून घेते. हवा ५८ किंवा ६२ टक्क्यांवर धरून ठेवते. हे शास्त्र चोख आहे. हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीचे भय, ५५ च्या खाली गेला की ग्रंथी ठिसूळ होऊन झडतात. काही लोक पैसे वाचवायला बरणीत संत्र्याची ओली साल टाकतात. त्याने वास येतो, मागोमाग बुरशीही येते.

दुसरी पुडी वासाची. स्पंजासारख्या वस्तूत टर्पीनांचे मिश्रण जिरवून ती सच्छिद्र पिशवीत घालतात. बरणी बंद केली की वाफ पसरते आणि वाळलेल्या फुलोऱ्यावर बसते. एक-दोन दिवसांत, फार तर आठवड्यात, झाकण उघडल्यावर घमघमाट येतो. पोराने सांगितले ते खोटे नव्हते.

पण ते टर्पीन येते कुठून? पुष्कळदा गांजातून नाहीच. फ्लोरिडात आणि ब्राझीलमध्ये संत्र्याचा रस काढला की सालीचे तेल उरते, त्यात जवळजवळ सगळे लिमोनीनच असते. चिडाच्या राळेतून पायनीन मिळते, लवंगेतून कॅरिओफिलीन. बाटल्या आणायच्या, ठरलेल्या मापाने मिसळायच्या आणि अमुक वाणाचा वास म्हणून पुडीवर छापायचे. (आपल्याकडे रसवंतीच्या दारातली संत्र्याची साल गाय खाते. गाईबद्दल तक्रार नाही.)

शिवाय हा वास बसतो कुठे? ग्रंथी फुटल्यात, सुकल्यात. तिच्यात परत तेल भरायची सोय निसर्गात नाही आणि पुडीतही नाही. वाफ वरवरच्या मेणावर बसते, आणि वर बसलेली वस्तू झाकण उघडताच उडू लागते. वाळलेल्या मिरचीला कोणी तेलाचा हात लावला म्हणून ती ताजी होत नाही, चकाकते तेवढी.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. गांजाचा ओळखीचा उग्र दर्प टर्पीनांचा नाहीच, असे २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. तो गंधकाच्या काही द्रव्यांचा आहे. लसणाच्या वासामागची द्रव्ये त्यांच्याच जातीची. ती फुलोरा पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत वाढतात आणि माल मुरवून ठेवला की झपाट्याने उतरतात. म्हणजे पुडीत टर्पीन कितीही उत्तम असो, जो दर्प हुंगून जाणता गिऱ्हाईक माल ओळखत होता त्यातला मोठा हिस्सा नुसत्या टर्पीनांनी परत येणार नाही. ओढणाऱ्याच्या छातीचे काय, हाही प्रश्न आहे. २०१७ साली ओरेगॉनच्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठात तापलेल्या पृष्ठभागावर टर्पीन टाकून पाहिले, तेव्हा जास्त उष्णतेला त्यातून बेंझीन आणि मेथाक्रोलीन ही विषारी द्रव्ये निघाली. ती तपासणी अर्काची होती, पुडीची नव्हे. पण खाण्यात चालते ते धुरातही चालेल असे धरू नये, एवढे त्यातून नक्की निघते.

आता त्या पोराच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. पुडीची गरज का पडली? वास उडायला माल पडून राहावा लागतो. तो पडून का राहिला?

ओरेगॉन राज्यातल्या लोकांनी २०१४ साली मतदान करून गांजा मोकळा केला. परवाने वाटले गेले, भाव चांगला होता, जो तो लावू लागला. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने विधिमंडळापुढे अहवाल ठेवला: उत्पादन मागणीच्या दुप्पट आहे आणि साडेसहा वर्षे पुरेल एवढा साठा पडून आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये किरकोळ भाव ग्रॅमला दहा डॉलरच्या वर होता, डिसेंबर २०१८ मध्ये पाचाच्या खाली आला. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये देशभर परवानगी दिली. शेअर बाजारातला पैसा ओतून मोठमोठी काचघरे उभी राहिली. २०२१ या एका वर्षात तिथल्या परवानाधारकांनी सव्वाचारशे टन वाळलेला माल विकला न गेल्याने नष्ट केला.

हे वाचून कोणाला कापसाची आठवण झाली असेल तर ती बरोबर आहे. लाल मिरचीत, कांद्यात, सोयाबीनमध्ये आपण हेच पाहिले. पहिल्या दोन वर्षांत ज्यांनी लावले त्यांची घरे झाली, तिसऱ्या वर्षी ज्यांनी ऐकून लावले त्यांच्या घरावर कर्ज चढले. मालाला उठाव होता तेव्हा तो वास ताजा असतानाच खपत होता, पुडी कोणाला लागत नव्हती. कोठारे भरली आणि पुडीवाल्याचे दुकान सुरू झाले. पिकवणाऱ्याचा भाव निम्म्यावर आला त्याच बाजारात पुडी विकणाऱ्याचा माल खपतो, हे मी त्या पोराला तिथेच सांगायला हवे होते.

हे सगळे दुरून शिकवतो आहे असे समजू नका. वासाने मला स्वतःला एकदा आपटवले आहे, आणि माझ्या सल्ल्याने आणखी अकरा जणांना.

दहा-बारा वर्षे झाली. रब्बीला आमच्या भागात हरभऱ्याच्या जोडीने धने बरे आले होते. मार्चमध्ये बाजार समितीत आवक दाटली आणि भाव कोसळला. मी गावोगाव सभा घेऊन सांगितले, माल रोखा, दिवाळीपर्यंत विकू नका. कापसात हे जमले होते, तुरीत जमले होते. अकरा जणांनी ऐकले. चाळीस क्विंटल धने बारदानात भरून आम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये लावले. एप्रिल, मे, जून. त्या शेडमध्ये दुपारी पाय ठेवला की धन्याचा असा वास भरून यायचा की मला बरे वाटायचे. माल अस्सल आहे, असे मी म्हणायचो. शेतकी पदवीधर माणूस! हवेत भरलेला वास पोत्यातूनच उडतो आहे हे मला कळू नये?

दिवाळीला भाव खरोखर वाढला. आम्ही ट्रॅक्टर जोडून माल नेला. व्यापाऱ्याने मूठभर धने तळहातावर चोळले, नाकाशी नेले आणि मूठ परत पोत्यात टाकली. बोलीच्या क्विंटलमागे सहाशे रुपये कमी. मी भांडलो. वजन पूर्ण आहे, कीड नाही, रंग ठीक आहे, मग कसले कमी? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, वजनाचे पैसे देतोच आहे. वासाचे कापले." आणि मग हळूच, चहाच्या टपरीवर, त्याच्या दिवाणजीने मला सांगितले की एवढे मनाला लावून घेऊ नका, वासाची बाटली मिळते, पोत्यावर फवारा मारला की दोन दिवस कोणाला कळत नाही, गंधकाची धुरी दिली तर रंगही उजळतो. पुडी काय आणि ती बाटली काय, मला वेगळी वाटत नाही. आम्ही बाटली घेतली नाही, मोठा चांगुलपणा म्हणून नव्हे, अकरा जणांपैकी एक म्हातारी बाई सोबत होती, ती म्हणाली, "ज्याच्या घरी हे धने जातील त्याची सून मला शिव्या देईल."

नंतर पुस्तके पुन्हा काढली. आपल्या मोठ्या दाण्याच्या धन्यात तेल मुळातच कमी, शेकड्याला अर्धा भागही नाही. रशियाकडच्या बारीक दाण्यात ते एकाच्या आसपास असते. त्या तेलात दोन-तृतीयांश लिनालूल, म्हणजे हलक्यांपैकीच. इतक्या थोड्या पुंजीवर आठ महिने पत्र्याखाली काढायचे म्हणजे दिवाळे ठरलेले. कापूस ठेवला तर वजन घटते, थोडा पिवळा पडतो, धागा धागाच राहतो. ज्वारी ठेवली तर किडीशी गाठ. आपल्या आज्याने पेवात ठेवलेली ज्वारी चार-चार वर्षे टिकायची, पेवाचा कुबट वास मात्र तिला लागायचा आणि तो भाकरीपर्यंत जायचा. तिथे नको तो वास जात नाही, इथे हवा तो राहत नाही. माल रोखा हे सगळ्या पिकांना एका तोंडाने सांगणे ही माझी चूक होती, आणि आजही काही कार्यकर्ते ती करतात.

रोखायचेच असेल तर काय करावे? वास पेरणीत येतो आणि खळ्यात जातो, असे मी आता समजतो. धन्याच्या बोंड्या हिरवट-पिवळ्या असताना कापणी, सावलीत वाळवण, उन्हात डांबरी रस्त्यावर नाही. मळणी हलक्या हाताने, कारण दाणा दुभंगला की तेलाच्या नळ्या उघड्या पडतात. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवायचा, ओलावा नऊ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. बारदानाच्या आत हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी. तिचा खर्च क्विंटलमागे आमच्या त्या सहाशे रुपयांच्या पासंगालाही पुरत नाही. जागा थंड आणि अंधारी, पत्र्याखाली नको, खत-औषधाच्या शेजारी तर मुळीच नको. आणि पूड करायची ती विकायच्या वेळी. गिरणीत मसाला दळताना सगळ्या गल्लीत वास सुटतो ना, तो डब्यातून वजा झालेला असतो. ओव्यालाही हेच लागू. हळदीचे तेल जड, म्हणून ती जरा सोशिक आहे. हळदवाल्यांनी मला पत्रे पाठवू नयेत.

यातला अवघड भाग वेगळाच आहे. इतके सांभाळून माल नेला तरी बाजार समितीत काटा वजनाचा आहे. तारण घेणारा गोदामवाला पावतीवर वजन लिहितो, ओलावा लिहितो. वासाचा रकाना कुठेच नाही. वास नसला तर पैसे कापले जातात, वास राखला तर वाढवून कोणी देत नाही. अत्तरवाला आणि मसाला कंपनी मात्र तेलाचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजूनच खरेदी करते. ती मोजणी अशक्य नाही. पाणी, उष्णता आणि काचेचे नळकांडे असले की शेतकी कॉलेजचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी चार तासांत तेल काढून दाखवतो. प्रत्येक जिल्ह्याच्या बाजार समितीत, जिथे धने-ओवा-हळद येते तिथे, हे एक यंत्र असावे आणि तेलाचा आकडा बोलीच्या आधी फळ्यावर लिहावा, असा ठराव मी जिल्हा मेळाव्यात मांडणार आहे. व्यापारी म्हणतील वेळ जातो. शंभर पोत्यांच्या ढिगाला एक नमुना, एवढाच वेळ जातो. आपल्यातलेही काही जण विरोध करतील, कारण आकडा लिहिला की पत्र्याखालचा मालही उघडा पडतो. पडू द्या.

ज्यांच्या घरी गेल्या रब्बीचे धने किंवा ओवा शिल्लक आहे त्यांनी मेळाव्याला येताना मूठभर कागदात बांधून आणावा. कागदावर तीनच गोष्टी लिहा: कापणीचा महिना, कशात ठेवला, छत कसले. नाव लिहू नका. सकाळी दहाच्या आत नोंदणीच्या टेबलावर द्या. दोन विद्यार्थी भट्टी आणि नळकांडे घेऊन येणार आहेत. दुपारच्या जेवणानंतर आकडे वाचून दाखवू. मागच्या रांगेतल्या त्या तरुणाला मी निरोप पाठवला आहे, नळकांड्यावरचा आकडा वाचायचे काम त्याचे. कापसाच्या भावाचा विषय त्यानंतर लगेच घेऊ.